मनाचा डॉक्टर

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. धरणाभोवती डोंगर आणि लहान लहान वाड्या आहेत. ताप आला किंवा पाय मुरगळला, तर येथील माणसे दवाखान्यात जातात. पण मन आजारी पडले, तर कोणाकडे जावे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुःख सर्वांनाच होते. परीक्षेत कमी गुण मिळाले, पीक बुडाले, घरातील कोणी वारले, तर मन खिन्न होते. हळूहळू ते सावरतेही. परंतु उदासी दोन आठवडे रोज टिकली, झोप उडाली, अन्न गोड लागेना, आवडीच्या कामातही मन रमेना, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. यालाच 'डिप्रेशन' म्हणतात. असा माणूस आळशी नसतो की भित्रा नसतो. तो आजारी असतो आणि योग्य उपचारांनी बरा होऊ शकतो.

घरातील माणसे मात्र कधी म्हणतात, "नजर लागली असेल." कधी म्हणतात, "लोक काय म्हणतील?" यात महिने निघून जातात आणि आजार वाढतो.

मग काय करावे? प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडचा विकार किंवा अंगात रक्त कमी असणे, यांमुळेही थकवा व उदासी येते. डॉक्टर तपासून ते ठरवतात आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात.

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषध देऊ शकतात. समुपदेशक औषध देत नाहीत. ते बोलून, ऐकून रुग्णाला मार्ग काढण्यास मदत करतात. पुष्कळदा रुग्णाला दोघांचीही गरज असते.

डिंभ्याच्या माणसाने घोडेगाव किंवा मंचर येथील सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. मोठ्या उपचारांसाठी पुण्यात ससून रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. प्रवास लांबचा असतो, म्हणून तज्ज्ञ कोणत्या दिवशी भेटतात, ते आधी विचारून जावे. घरबसल्या सल्ला हवा असेल, तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. तेथे मराठीतही बोलता येते.

चांगला डॉक्टर कसा ओळखावा? तो रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकतो. आजार आणि औषध समजावून सांगतो. "एका दिवसात बरे करतो," असे म्हणत नाही. रुग्णाची गोष्ट तो गुप्त ठेवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला तसा हक्कच दिला आहे. एखाद्या डॉक्टरशी मन मोकळे होत नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाण्यात काही गैर नाही.

नैराश्यावरील औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून धीर धरावा. बरे वाटले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये.

मुलांनो, तुमचा मित्र किंवा मैत्रीण गप्प गप्प राहू लागली, तर तिची थट्टा करू नका. जवळ बसा, विचारपूस करा. "जगावेसे वाटत नाही," असे कोणी म्हटले, तर ते गुपित ठेवू नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि लगेच मोठ्या माणसांना सांगा. तुम्हांला स्वतःला तसे वाटले, तरीही सांगा. मदत मागण्यात कमीपणा नाही.

शब्दार्थ
खिन्न – उदास
सावरणे – पुन्हा नीट होणे
मानसोपचारतज्ज्ञ – मनाच्या आजारांवर इलाज करणारे डॉक्टर
गुण येणे – औषधाचा फायदा होणे
विचारपूस – आपुलकीने केलेली चौकशी

स्वाध्याय
१. नैराश्याची लक्षणे कोणती?
२. प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडे का जावे?
३. मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांच्या कामांत कोणता फरक आहे?
४. वाक्यात उपयोग करा : मन रमणे, धीर धरणे.