अंगावर बाळगावयाच्या हातशस्त्राविषयी काही गैरसमज

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवरील सराफ, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटदार, रात्री उशिरा रोकड मोजून घरी परतणारा पेट्रोल पंपाचा मालक, किंवा जमिनीच्या तंट्यामुळे जिवाला घोर लागलेला पैठण-गंगापूरकडील बागायतदार, यांपैकी कोणी जेव्हा कपड्याखाली सहज झाकले जाईल असे लहान पिस्तूल घेण्याचा विचार करू लागतो, तेव्हा ‘कोणते घ्यावे’ हाच प्रश्न त्याच्या मनात प्रथम उभा राहतो. या प्रश्नाची जी उत्तरे त्याला चित्रफितींतून आणि मित्रमंडळींच्या बैठकींतून मिळतात, ती बहुतेक अमेरिकेच्या परिस्थितीवर बेतलेली असल्यामुळे मराठवाड्यातील माणसाच्या उपयोगी पडत नाहीत. उलट ती शब्दशः आचरणात आणल्यास त्याला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभे करतील.

मुळात शस्त्र बाळगणे हा आपला हक्क आहे ही समजूतच चुकीची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात, घराबाहेर हातशस्त्र बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क ठरविला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये, असा मूलभूत हक्क भारतीय घटनेने कोणालाही दिलेला नाही, याकडे स्पष्ट शब्दांत लक्ष वेधले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या कायद्याने ब्रिटिश मुलखातील प्रजा निःशस्त्र केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या अंमलाखाली होता व १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसाच राहिला. परंतु १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे नियम आज सर्व देशाला सारखेच लागू आहेत. शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी होत. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे, त्याने शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडावा, आणि व्यवसायाच्या स्वरूपामुळे वा अन्य सबळ कारणामुळे आपल्याला शस्त्राची खरोखरच गरज आहे हे त्याने पटवून द्यावे, अशी अपेक्षा आहे. श्रीमंतालाच परवाना मिळतो ही लोकांत रूढ असलेली समजूतही खरी नव्हे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, असे अधिनियमातच लिहिले आहे. अर्ज नाकारला गेल्यास अपिलाची तरतूद आहे.

पुष्कळांना वाटते की दुकानात जाऊन शस्त्र पसंत करावे, विसार द्यावा आणि मग कागदपत्रांच्या मागे लागावे. क्रम याच्या नेमका उलट आहे. प्रथम परवाना मिळतो, त्यात शस्त्राचा प्रकार नमूद असतो, ठरलेल्या मुदतीत ते परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यावयाचे असते, आणि घेतल्यावर त्याची नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते.

आता निवडीकडे वळू. परदेशी चित्रफितींत ज्या नऊ मिलिमीटरच्या आटोपशीर पिस्तुलांची तुलना तासन्‌तास चालते, ती आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला घेताच येत नाहीत. ०.३०३, ०.३८ आणि नऊ मिलिमीटर ही मापे निषिद्ध गणली जातात. सैन्याच्या व पोलिसांच्या वापरातील दारूगोळा खाजगी हातांत जाऊ नये हा त्यामागील हेतू. त्यात सर्वसाधारण परवानाधारकासाठी परदेशी हातशस्त्रांची व्यापारी आयातही कित्येक दशकांपासून बंद आहे. त्यामुळे खरी निवड प्रायः ०.३२ या मापापुरतीच उरते, आणि त्यातही मुख्यत्वे सरकारी कारखान्यांच्या घडणीपुरती, जरी अलीकडे काही खाजगी उत्पादकही या क्षेत्रात उतरले आहेत. कानपूरचे जुने, मधोमध मोडून उघडणारे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर वेब्ली पद्धतीचे असून त्याचे वजन सातशे ग्रॅमच्या आसपास आहे. जानेवारी २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे व अवघे पाचशे ग्रॅमचे. ऑगस्ट २०२३ मधील ‘प्रबल’ ६७५ ग्रॅमचे, व त्याचे चक्र बाजूला सरकून उघडते. मॅगझिनचे पिस्तूल हवे असल्यास ‘अशनी’ आहे.

येथे एक सूक्ष्म पण धोक्याची चूक होते. माप ०.३२ म्हणजे काडतूस एकच, असे धरून चालणारे अनेक आहेत. वस्तुतः रिव्हॉल्वरचे लांब, कडा असलेले काडतूस निराळे आणि पिस्तुलाचे आखूड काडतूस निराळे. अंक सारखा असला तरी एकाचे काडतूस दुसऱ्यात घालू नये. विक्रेत्याकडून काडतुसे घेताना शस्त्राच्या नळीवरील व पेटीवरील अक्षरे ताडून पाहण्याचा आळस कोणीही करू नये.

‘हलके तेवढे चांगले’ हाही असाच एक भ्रम. वजन कमी झाले की गोळी सुटतानाचा धक्का हाताला अधिक जाणवतो, आखूड नळीमुळे नेमातील लहानशी चूकही अंतरावर मोठी होते, आणि ज्याला पहिल्या गोळीचाच त्रास झाला तो पुढे सराव टाळू लागतो. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर वर्षभराने स्त्रियांसाठी म्हणून जाहीर झालेले ‘निर्भीक’ १,२२,३६० रुपयांना होते. ज्या कामगार स्त्रीला अंधारात बसथांब्यापासून घरापर्यंत चालत जावे लागते, तिच्या हातात ते कधी पडणारच नव्हते. रस्त्यावरचे दिवे, वेळेवर येणारी बस आणि तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे यांची जागा शस्त्र घेऊ शकत नाही, हे माझे ठाम मत आहे.

रिव्हॉल्वर म्हणजे निर्धोक, त्यातून आपोआप गोळी सुटत नाही, असा जुन्या परवानाधारकांचा समज असतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहूच्या राहत्या घरी, बाहेरगावी निघण्यापूर्वी, अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्यावरील जुन्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून त्यांच्या पायात शिरली. जुन्या घडणीच्या कित्येक शस्त्रांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये रोध नसतो, किंवा असला तरी झिजलेला असतो. खाली पडण्याचा आघातही मग पुरतो. म्हणून वडिलोपार्जित शस्त्र प्रथम जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे, चापावर संपूर्ण आच्छादन येईल असे घट्ट होल्स्टर वापरावे, किल्ल्या व नाणी असलेल्या खिशात शस्त्र ठेवू नये, आणि घरी ते रिकामे करून कुलूपबंद पोलादी कपाटात ठेवावे. वारसाहक्काने शस्त्र मिळते पण परवाना मिळत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र ठाण्यात वा विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतंत्र अर्ज करावयाचा असतो.

शस्त्र झाकून नेणे म्हणजे लपवाछपवी, आणि कमरेला दिसेल असे लावणे म्हणजे प्रामाणिकपणा, अशीही एक विपरीत कल्पना आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये वा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. ते उगारणे वा दाखविणे निषिद्ध आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर पिस्तुले मिरविणाऱ्यांच्या चित्रफिती राज्यभर चर्चिल्या गेल्या, परवान्यांची छाननी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. खंडेनवमीला शस्त्राची पूजा करावी, ती आपली परंपराच आहे. परंतु त्या दिवशी किंवा वरातीत हवेत गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

परवान्याचे क्षेत्रही वाचून पाहावे. जिल्ह्यापुरता दिलेला परवाना घेऊन पुण्याला जाता येत नाही. शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणे तर याहून गंभीर. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या स्वतःच्या अंगरक्षकाच्या नावावर, उत्तर प्रदेशातील परवान्यावर होते. निवडणूक काळात सर्वांना सरसकट शस्त्र जमा करावे लागते, हेही खरे नाही. छाननी समिती प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून निर्णय देते, मात्र तसा हुकूम आल्यास तो टाळता येत नाही.

परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा, हा सर्वांत घातक गैरसमज होय. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे; परंतु शासनयंत्रणेची मदत घेण्यास अवसर असेल तर तो उपलब्ध नाही, आणि बचावास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची परवानगी तो देत नाही. चोर पाठ फिरवून पळत असता झाडलेली गोळी न्यायालयात बचावाची म्हणून टिकणे अत्यंत कठीण आहे. आणि परवान्याची दगदग नको म्हणून ज्यांचे पाय जळगावच्या सीमेपलीकडील उमर्टीच्या गावठी कट्ट्याकडे वळतात, त्यांनी ध्यानात ठेवावे की विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगण्यास आज किमान दोन व कमाल पाच वर्षे कैदेची शिक्षा आहे.

एवढे सर्व जाणूनही ज्याची गरज खरी आहे, त्याने ०.३२ चे, मध्यम वजनाचे, नवे रिव्हॉल्वर घ्यावे आणि अधिकृत मैदानावर नियमित सराव ठेवावा. ज्याला सरावास सवड नाही, किंवा ज्याच्या घरी लहान मुले असून कुलूपबंद कपाट नाही, त्याने अर्जच करू नये.