तीन मिलिमीटर हरळी

कपाशीच्या वावरात हरळी शिरली की वर्धा जिल्ह्यातला शेतकरी धसकाच घेतो. निंदण करावं तर वरचं पातं हातात येतं, गाठ जमिनीतच राहते. वखर फिरवावा तर एका गाठीचे दहा तुकडे होतात आणि पाऊस पडला की दहाही फुटतात. भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, मुळं उन्हात वाळू द्यायची, वेचून धुऱ्यावर जाळायची. तरी मृग लागला की बाई हजर! याच गवताचे कोवळे शेंडे खुडून, जुड्या बांधून लोक केळझरच्या गणपतीला वाहतात, ते वेगळं. देव्हाऱ्यातली दूर्वा आणि वावरातली हरळी ही एकच वनस्पती, सायनोडॉन डॅक्टिलॉन.

तिचं एक तिसरं रूपही आहे, पण ते इथे दिसायचं नाही : वर्धा जिल्ह्यात आलिशान रिसॉर्टमधलं चॅम्पियनशिप गोल्फ मैदान नाही. ते पाहायचं तर महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणं गाठावं. शहराच्या पश्चिमेला बावधनच्या डोंगरउतारांवर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. तिथलं अठरा होलांचं मैदान फिल रायन या ऑस्ट्रेलियन रचनाकाराने आखलंय. गोव्यात काणकोणच्या राजबाग किनाऱ्याला ललित रिसॉर्टचं नऊ होलांचं मैदान आहे. अशी हिरवळ पाहिली की आपल्याकडच्या माणसाला आधी पैसा दिसतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पण जरा उकिडवं बसून गवत पाहावं. उष्ण देशांतल्या गोल्फ मैदानांवर बहुतेक ठिकाणी जे ‘बर्म्युडा ग्रास’ लावतात ते म्हणजे आपली हरळी, नाहीतर तिची संकरित लेक. जी उपटायला आपण मजुरी मोजतो, ती जगवायला तिथे यंत्रं, खतं आणि पगारी माणसांची फौज ठेवलेली असते.

एवढा खटाटोप का, हे कळायला या खेळाचा एक विचित्रपणा लक्षात घ्यावा लागतो. क्रिकेटची खेळपट्टी वर्धा रोडवरच्या जामठ्याची असो की लॉर्ड्सची, बावीस यार्ड म्हणजे बावीस यार्ड. गोल्फच्या मैदानात पक्कं माप एकच, होलचा व्यास : १०८ मिलिमीटर. बाकी लांबी, चढउतार, झाडं, तळी, वाळूचे बंकर हे सगळं त्या जागेतलं आणि आखणाऱ्याच्या डोक्यातलं. सोबत खेळणारा तुमच्या चेंडूला हातही लावत नाही. तुम्हाला हरवायला उभी असते ती जमीन. सहा-साडेसहा किलोमीटर लांबीचा हा प्रतिस्पर्धी कुणीतरी नकाशावर बसून घडवलेला असतो, आणि त्याचं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे होलभोवतीच्या ग्रीनवर जेमतेम तीन मिलिमीटरवर कापलेली हरळी.

इतकं खुडून घेतल्यावर रानातली हरळी दाट राहत नाही. त्यासाठी ग्लेन बर्टन नावाच्या माणसाची गरज पडली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथल्या शेती संशोधन केंद्रात हा १९३६ पासून नोकरीला. काम चाऱ्याची गवतं सुधारण्याचं. त्याच्या खटपटीतून हरळी आणि तिची आफ्रिकेतली बारीक पानांची बहीण यांचे संकर पुढे आले. हरळीची गुणसूत्रं ३६, आफ्रिकनची १८, लेकीत आली २७. असं विषम गणित झालं की बी धरत नाही. १९५६ साली आलेली टिफग्रीन आणि तिच्यातूनच निघालेली, १९६५ सालची बुटकी टिफड्वार्फ या दोन्ही वांझ. म्हणून त्यांची पेरणी होत नाही, लागवड होते : गाठींचे तुकडे पसरायचे, रोलर फिरवून दाबायचे, पाणी द्यायचं. वखराने तुटलेली गाठ फुटते म्हणून आपण कपाळाला हात लावतो. तिकडे त्याच गुणावर सगळा कारभार चाललाय.

या बर्टनचं आणखी एक काम आपल्या ताटापर्यंत पोचलेलं आहे. टिफ्टनमध्येच त्याने बाजरीचं टिफ्ट २३ए हे नरवंध्य वाण तयार केलं. ते भारतात आलं आणि त्याच्या आधाराने लुधियानात देशातली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, निघाली. साल १९६५, म्हणजे टिफड्वार्फचंच. पुढे गोसावी रोगाने त्या बाजरीची वाट लावली, ती कथा निराळी. पण रिसॉर्टचं ग्रीन आणि भाकरीचं पीक यांमागे एकच माणूस असावा, याचं मला अजून नवल वाटतं.

आता त्या तीन मिलिमीटरांवर चेंडू किती पळतो ते पाहू. १९३५ साली अमेरिकेतल्या ओकमाँटच्या मैदानावर यूएस ओपन या गोल्फ स्पर्धेला एडवर्ड स्टिम्पसन नावाचा हौशी खेळाडू प्रेक्षक म्हणून गेला होता. नामवंतांचे हलके फटकेसुद्धा ग्रीन ओलांडून पार जाताना पाहून त्याची खात्री पटली की ग्रीन गैरवाजवी वेगवान आहेत. पण हे दाखवायचं कसं? त्याने घरी लाकडाची एक पन्हळ बनवली. आज ती ॲल्युमिनियमची असते, सुमारे ९१ सेंटिमीटर लांब. वरच्या खाचेत चेंडू ठेवायचा आणि ते टोक सावकाश उचलत जायचं. साधारण वीस अंशांचा कोन झाला की चेंडू आपसूक सुटतो. सपाट ग्रीनवर तो जितके फूट जाईल, तितका त्या ग्रीनचा वेग. मग उलट दिशेनेही तेच करून सरासरी काढायची. ना बॅटरी, ना सेन्सर. रोजच्या क्लबात आठ-नऊ फूट चालून जातात. मोठ्या स्पर्धेत आकडा अकरा-बाराच्या पुढे जातो, आणि तेव्हा उतारावर केलेला पट, म्हणजे ग्रीनवरचा फटका, जरासा जोरात बसला की चेंडू होलला नमस्कार करून थेट ग्रीनखाली उतरतो.

हरळीचा आणखी एक डाव आहे. ती सरळ उभी राहत नाही, सरपटते; त्यामुळे पात्यांचा कल एका बाजूला असतो. याला खेळणारे ग्रेन म्हणतात. चेंडूमागे उभं राहून पाहिलं आणि गवत चकाकताना दिसलं, तर पाती तुमच्यापासून पलीकडे झुकलेली, चेंडू पळणार. गवत काळपट दिसलं तर पाती तुमच्या अंगावर, चेंडू अडखळणार. आडव्या ग्रेनमध्ये सरळ मारलेला चेंडू शेवटच्या हातभर अंतरात, वेग मेला की, हळूच वळतो. जाणता कॅडी, म्हणजे खेळाडूचा मदतनीस, मात्र चकाकीवर विसंबत नाही, तो होलपाशी जाऊन वाकतो. स्पर्धेच्या दिवसांत रोज पहाटे पोलादी नळीने होल नव्या जागी कापतात. दुपार होईपर्यंत त्या गोल काठाची एक बाजू हिरवी, रेखीव राहते आणि दुसरी तपकिरी होऊन झडायला लागते. झडलेली बाजू ज्या दिशेला, त्या दिशेला गवताचा कल. कारण त्या पात्यांची मुळं होल कापताना नळीबरोबर निघून गेलेली असतात. १०८ मिलिमीटरच्या भोकाच्या काठावर अख्ख्या ग्रीनचा स्वभाव लिहिलेला सापडतो, फक्त वाकायची तयारी हवी.

या गवताखाली काय आहे, हे तर त्याहून भारी. असलं ग्रीन थेट आपल्या काळ्या मातीवर बसवलं तर काय होईल, हे वर्धेकरांना सांगायला नको. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरलेली. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात वावरातल्या भेगेत हात जातो आणि नव्या घरांच्या भिंतींना तडे जातात. ओल धरून ठेवते म्हणून कपाशीला ती मानवते, पण चेंडूच्या वाटेत बोटभर उंचवटा आला तरी ग्रीनचा खेळ संपला. म्हणून तळाची जमीन आकारात आणून तिच्यात निचऱ्याच्या नळ्या गाडतात, वर १० सेंटिमीटर खडी आणि त्यावर ३० सेंटिमीटर निवडक, चाळलेली वाळू. यूएसजीए या अमेरिकी गोल्फ संघटनेने १९६० मध्ये हा नमुना घालून दिला आणि जगभर तो थोड्याफार फरकाने चालतो.

खडीवर वाळू टाकली की पाणी सरसर निघून जाईल असंच कुणालाही वाटेल. तसं होत नाही. वाळूतल्या बारीक पोकळ्या पाण्याला धरून ठेवतात, आणि खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत उतरायला पाणी राजी नसतं. ते वाळूच्या तळाशी लटकून राहतं. घरी ओल्या स्पंजावर हे करून बघण्यासारखं आहे : आडवा धरला की थोडा वेळ ठिबकतो आणि थांबतो, तोच उभा करा, पुन्हा धार लागते, कारण पाण्याच्या थराची उंची वाढून वजन वाढलं. ग्रीनमध्येही पावसाचं वजन हद्दीबाहेर गेलं की मगच बांध फुटतो आणि जादा पाणी खडीतून नळीत जातं. कोसळत्या सरीनंतर थोड्याच वेळात खेळता येतं, आणि मुळांना मात्र दुसऱ्या दिवशीही ओल मिळते. यात एकही झडप नाही, की हलणारा भाग नाही. फक्त दोन आकारांच्या दाण्यांची शेजार-व्यवस्था!

चेंडूचं कौतुक सगळेच करतात, म्हणून थोडक्यात. १८४५च्या सुमाराला विष्णूची एक मूर्ती स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला पोचली, ती गटापर्चा या झाडाच्या चिकाच्या तुकड्यांत बसवलेली होती आणि त्या तुकड्यांतूनच तिथे पहिला स्वस्त चेंडू वळला गेला, असं गोल्फवाले सांगतात. पुरावा तोकडा आहे, पण कथा टाकवत नाही. खरी गोष्ट अशी की हे गुळगुळीत चेंडू नवे असताना नीट उडत नसत. मार खाऊन खरवडले की लांब जात. आजच्या चेंडूवरचे तीन-चारशे खळगे म्हणजे ती खरवड मुद्दाम, मोजून केलेली. खळग्यांमुळे हवा चेंडूच्या पाठीला जास्त वेळ चिकटून राहते आणि मागे ओढणारी पोकळी लहान होते. बिनखळग्याचा चेंडू याच फटक्याला जवळजवळ निम्म्यावर पडेल. काठी आणि चेंडू यांची गाठ मोजून अर्धा मिलिसेकंद. त्यानंतर सगळं हवेच्या हातात.

आणि डोळ्यांच्या. अवघड मैदान खेळाडूला आधी फसवतं ते नजरेने. ही कला ज्याने शास्त्रासारखी मांडली तो ॲलिस्टर मॅकेंझी पेशाने डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तो ब्रिटिश फौजेबरोबर शल्यचिकित्सक होता आणि बोअर लोक जमिनीच्या चढउतारात खंदक कसे बेमालूम लपवतात, हे त्याने तिथे निरखलं. पुढे पहिल्या महायुद्धात त्याने सैनिकांना छद्मावरण शिकवलं. सैन्याच्या बाहेर तेच ज्ञान त्याने मैदानं आखायला वापरलं. गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर त्याने रचलेलं अमेरिकेतलं ऑगस्टाचं मैदान १९३३ मध्ये सुरू झालं. जाता जाता : त्याच बोअर युद्धात जखमींच्या डोल्या वाहणारं हिंदी शुश्रूषा पथक उभारणारे बॅरिस्टर गांधी पुढे १९३६ मध्ये आपल्या सेवाग्रामात राहायला आले. एका रणभूमीतून कोण काय घेऊन निघालं!

मॅकेंझीच्या पठडीतली एक युक्ती सांगतो. ग्रीनच्या अलीकडे २०-२५ मीटरवर बंकर खणायचा आणि त्याची कड उंच उचलायची. त्या कडेमागची जमीन दुरून दिसतच नाही, त्यामुळे बंकर ग्रीनला चिकटलेला वाटतो. खेळाडू त्याच्यावरून जेमतेम टाकतो आणि चेंडू ग्रीनच्या बराच आधी पडतो. डोंगरी मैदानावर याच्या जोडीला उंचावरची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, असते. खाली दरीपलीकडे फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्यामधला कापलेला पट्टा, असा पसरलेला दिसतो की कुठेही मारा. पण चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून वाऱ्यालाही त्याला ढकलायला जास्त वेळ मिळतो. हातातलं अंतरमापक खरा आकडा दाखवत असतं आणि डोळा त्याला खोटं ठरवत असतो. अशा वेळी यंत्राचं ऐकणं माणसाला किती जड जातं, ते टीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं सांगितलं म्हणून असलं मैदान आपल्याकडे काढा, असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात अठरा होलांना रोज लाखो लिटर पाणी लागतं, आणि आपल्याकडे पारा ४६-४७ वर गेला की माणसांचेच हाल होतात, कपाशी तर बव्हंशी पावसाच्या भरवशावर. सांडपाणी शुद्ध करून वापरणार असाल तर बोलू.

मैदान किती अवघड आहे हेही मोजतात, आणि ती रीत मला फार शहाणपणाची वाटते. तपासनीस मैदान दोन खेळाडूंच्या नजरेने पाहतात : एक पक्का तयार, दुसरा बेताचा. तळं ओलांडायला पहिल्याला काहीच वाटत नाही, दुसऱ्याचा चेंडू बुडतो. ही तफावत ५५ ते १५५ या पट्टीवर मांडतात आणि तिला स्लोप म्हणतात. मध्यम मैदान ११३. समजा, वर्ध्याचे एक डॉक्टर हौशी खेळाडू आहेत आणि त्यांचा हँडिकॅप २०. स्लोप १३६ असलेल्या मैदानावर ते गेले की ढोबळमानाने २० ला १३६ ने गुणून ११३ ने भागायचं. येतात २४. म्हणजे मध्यम मैदानावर वीस फटक्यांची सूट मिळायची, इथे चोवीस. ती वाटतात कशी, तर अठरा होलांवर एकेक, आणि उरलेले सहा फटके सर्वांत अवघड सहा होलांवर आणखी एकेक. त्या सहांपैकी चार फटक्यांच्या एका होलवर सोबतच्या, कसलीही सूट नसलेल्या चॅम्पियनने चार घेतले, डॉक्टरांनी बंकरमध्ये एक आणि ग्रेन चुकल्यामुळे एक घालवून सहा घेतले. सहातून दोन वजा. त्या होलवर बरोबरी.