दुर्बीण आणि वर्ग

बंगळूरजवळील होसकोटे येथील भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या केंद्रातून लडाखमधील हानले येथील दुर्बीण चालविली जाते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, दोन मीटर व्यासाच्या आरशाची ही दुर्बीण सुमारे ४५०० मीटर उंचीवर असून २००१ मध्ये ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली. उपग्रहामार्फत आज्ञा तेथे जातात आणि छायाचित्रे होसकोट्यात येतात. तंत्रज्ञानाने अंतर मिटविले; परंतु दुर्बीण कोणत्या ताऱ्याकडे व कशासाठी वळवावी, हे निरीक्षकालाच ठरवावे लागते.

ही क्षमता शालेय वयातच रुजते. १९७५-७६ मधील ‘साइट’ प्रयोगात कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली. पडदा एकमार्गी होता; मुलाची शंका शिक्षकाकडेच येणार होती. म्हणूनच त्या प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षणही देण्यात आले, ही बाब आज फारशी आठवली जात नाही.

आपल्याकडे शंका विचारणे हा पुष्कळदा उद्धटपणा ठरतो. त्यातच घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असली, की मूल उत्तर पाठ करते; प्रश्न मनातच राहतो. संगणकांची खरेदी वर्षअखेरीस मोजून दाखविता येते. शिक्षकाच्या तयारीला मात्र अनेक वर्षे लागतात, आणि खर्चात कपात करताना पहिली कात्री बहुधा तिलाच लागते.