कामातलं समाधान : कष्ट बायकोचे, प्रेशर नवऱ्याला



गेल्या पावसाळ्यात तिकोणा पेठेत रक्तदाब तपासायला बसले होते. तिकोणा गडाच्या पायथ्याचं हे गाव, खाली पवना धरणाचं पाणी. एके काळी इथलं काम म्हणजे भातशेती, गुरं आणि रान. आता पाण्याच्या कडेने पुण्या-मुंबईकरांचे बंगले आणि तंबूंचे कॅम्प आलेत. मावळात ठिकठिकाणी गुलाबाची पॉलीहाऊस उभी आहेत. बरीच तरुण पोरं कामशेतला लोकल धरून तळेगावकडच्या कंपन्यांत कॉन्ट्रॅक्टवर जातात.

त्या दिवशी एक नवरा-बायको बरोबरच आले. ताई पॉलीहाऊसमध्ये गुलाब कापतात. आत उकाडा, हाताला काटे, दिवसभर उभं राहणं, आणि फेब्रुवारीच्या सिझनला तर मान वर करायला वेळ नसतो. दादा एका बंगल्यावर राखणदार. झाडांना पाणी घालायचं, गेट उघडायचं, पाहुणे आले की पाणी-सामान बघायचं. पगार ताईंपेक्षा थोडा जास्तच. ताईंचं प्रेशर १२६/८०. दादांचं १६४/१०२, तेही दहा मिनिटं बसवून दोनदा मोजलं तरी. दादा हसून म्हणाले, “बघा, सगळं कष्टाचं काम हिच्याकडे, आणि प्रेशर मला!”

मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. मीठ, तंबाखू, वडिलांना त्रास होता का. दादा तंबाखू खात होते आणि वडिलांनाही त्रास होता, म्हणजे कारणं होतीच. मग झोपेचं विचारलं. त्यावर ते जे बोलले ते लिहून ठेवलं आहे: “काम काही नाही हो, पण फोन कधी वाजेल सांगता येत नाही. रात्री अकराला वाजतो, आम्ही निघालोय, गिझर लावून ठेव. दोन वाजता येतात. सुट्टी म्हणाल तर, मालक येणार नसला की सुट्टी. पण येणार नाही हे आदल्या दिवशी कळत नाही.” ताईंचं उलट. आठला आत, पाचला बाहेर. बरोबर नऊ-दहा बायका, दुपारचा डबा एकत्र. फुलांची प्रतवारी करताना कुठली दांडी कुठल्या जुडीत घालायची हे सुपरवायझर ताईंनाच विचारतो. “हिचा हात बसलाय,” दादा म्हणाले, आणि त्यात कौतुक होतं.

कामात समाधान कशाने मिळतं, याचं उत्तर लोक ‘आवडतं काम शोधा’ असं देतात. ज्यांच्यापुढे दहा वाटा आहेत त्यांना ते ठीक. आपल्या वस्तीतला माणूस काम शोधताना आधी घरभाडं आणि पोरांची फी बघतो. म्हणून मला वाटतं प्रश्न जरा वेगळा विचारावा. काम कोणतं आहे, यापेक्षा त्या कामात माझ्या हातात काय आहे?

हे नुसतं मनाचं बोलणं नाही. लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. सगळ्यांना कायम नोकरी, सगळे टेबलाशी किंवा कचेरीतच. उपाशी कोणी नाही. तरी शिपायांसारख्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या लोकांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, रक्तदाब, चरबी यांचा हिशेब मांडूनही हा फरक पुरता उलगडला नाही. मग १९८५ पासून दुसरी पाहणी झाली, तीत बायकाही होत्या. ज्यांना आपलं काम कसं आणि कधी करायचं हे ठरवायची मुभा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त, असं तीत दिसलं. आपल्याकडे समज असतो की टेन्शन साहेबाला. आकडे सांगतात की ते शिपायाला जास्त बाधतं.

शरीरात काय होतं ते थोडक्यात. पायाखाली साप आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून रस सुटतात, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तात साखर वाढते. साप गेला की थोड्या वेळाने सगळं जागेवर येतं. पण ज्याला रात्रंदिवस कानोसा घेत राहावं लागतं, त्याचं शरीर पूर्ण सैल पडतच नाही. झोप तुटते, मान-पाठ आखडते, चिडचिड होते, संध्याकाळी बाटली जवळची वाटू लागते. फार वर्षं असं चाललं की प्रेशर आणि साखर दोन्ही बिघडू शकतात.

दादांचं ऐकताना मला आमची आजी वतनाच्या गोष्टी सांगायची ते आठवलं. महारकीचं काम जड होतं म्हणून ती कधी बोलली नाही, जड काम ती सगळं आयुष्य करत होती. ती सांगायची ते बोलावण्याचं. कधीही हाक यायची, रात्री-अपरात्री, पेरणी चालू असताना, घरात बाळंतपण असताना. घरचा कर्ता नसेल तर दुसऱ्या कोणी जायचं. पगार ठरलेला नाही, बलुतं देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या न संपणाऱ्या चाकरीविरुद्धच. वतनं कायद्याने गेली ती मात्र त्यांच्या पश्चात.

१९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या पुस्तकात त्यांनी कामाविषयी जे मांडलं ते आरोग्याच्या पानावरही वाचण्यासारखं आहे. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हा मुद्दा आपल्याला पाठ असतो. त्यापुढचा मुद्दा कमी बोलला जातो. काम माणसाने निवडलेलं नसेल आणि त्या कामामुळे जग त्याला हलकं मानत असेल, तर माणूस त्या कामापासून पळ काढायला बघतो, आणि मन व बुद्धी दोन्ही कामाबाहेर राहतात. म्हणजे कामात जीव न रमणं हा कामगाराचा आळस नसून त्या व्यवस्थेचा परिणाम आहे. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती आणली, आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तास ठरले म्हणजे उरलेला वेळ कामगाराचा झाला.

आजकाल एक अमेरिकन अभ्यास फार सांगितला जातो. इस्पितळातले काही सफाई कामगार स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकीच एक मानत, रुग्णांशी बोलत, आणि ते कामात जास्त समाधानी होते. अभ्यास चांगला आहे. आपलं काम कुणाच्या उपयोगी पडतं हे दिसलं की थकवा हलका होतो, हे मीही रोज बघते. पण त्याचा उपयोग हातमोजे न देता, पगार थकवून, वर समाधान शिकवण्यासाठी होत असेल तर सावध राहावं. सफाईचं काम पवित्र म्हणून त्याचा अभिमान धरा, हा उपदेश आपल्या लोकांना पूर्वीही झाला, आणि बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला होता.

कामाचा मान कसा असतो हे बघायचं तर कार्ल्याला जावं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसा धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्तही आहे. आणि त्याच गावचा सामी नावाचा एक सुतार आहे, वेणुवासाचा मुलगा, ज्याने दरवाजाचं काम केलं. सुमारे दोन हजार वर्षं शेठजीच्या नावाबरोबर त्याचं नाव आणि त्याचा धंदा तिथे आहे.

आता दादांचं. नोकरी सोडा असं मी सांगितलं नाही, दुसरी तयार नव्हती. डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी सुरू झाली. (ताण कमी झाला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. हे मी दर अंकात लिहीन.) मग आम्ही तिघांनी बसून एकच गोष्ट ठरवली: मालकाकडे पगारवाढीआधी वेळ मागायची. रात्री नऊनंतर फोन नको, येणार असाल तर संध्याकाळपर्यंत कळवा, आणि आठवड्यातला एक वार पक्का सुट्टीचा. दादा घाबरले होते. ताईंनी सुचवलं की शेजारच्या चार बंगल्यांवरचे राखणदारही हेच मागू देत, म्हणजे एकट्यावर राग निघणार नाही. सुट्टीच्या दिवशी एकमेकांचं गेट बघायचं असंही त्यांनी आपसात ठरवलं. पाचपैकी तीन मालक कबूल झाले. एकाने नाही म्हटलं, एक अजून उत्तर देत नाही.

तुमच्या घरात कुणी दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास असेल, कामावर जायचं म्हटलं की छाती धडधडत असेल, झोप-जेवण गेलं असेल किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर ‘कामाचा कंटाळा’ म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

दादांचा मालक कबूल झालेल्या तिघांत आहे. मंगळवार त्यांना मिळाला. भाताच्या लावणीला ते यंदा बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या खाचरात उतरले, इंद्रायणी लावली. मागच्या महिन्यात प्रेशर १४२/९० होतं. तंबाखू अजून सुटलेली नाही, त्यावरून ताई रोज भांडतात.