कडीचें सोवळें आणि खिडकी

मार्च २०२० च्या अखेरीस जळगांव जिल्ह्यांतील पहिला करोनारुग्ण मेहरूण भागांत आढळला, तेव्हां दाराची कडी, जिन्याचा कठडा, भाजीची पिशवी, सारेंच संशयास्पद वाटूं लागलें. त्याच महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत हा विषाणु प्लास्टिक व पोलाद यांवर ७२ तासांपर्यंत जिवंत आढळला. पुठ्ठ्यावर २४ व तांब्यावर अवघ्या ४ तासांनंतर आढळला नाहीं. परंतु वस्तूवरील त्याची संख्या तासागणिक घटत जाते. आणि पुढें सिद्ध झालें कीं, रोगाची मुख्य वाट श्वासाची आहे. म्हणून वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, हात साबणानें धुवावे, कडी पुसावी. परंतु घरांत कोणी खोकूं लागतांच आजी-आजोबांच्या खोलीची खिडकी आधीं उघडावी.