योगाचार्य अय्यंगार : दुबळ्या शरीराची मशागत



शेतकी विभागाच्या या पानावर नेहमी बेणे, खत आणि पाणी यांचीच चर्चा असते. आज विषय वेगळा घेतो. आपल्या चिखली भागात बांधावर उभे राहून ऊस कसा आहे म्हणून विचारावे, तर शेतकरी आधी कंबरेचं सांगतो. टिपऱ्या दाबायच्या त्या वाकून, खुरपायचे ते वाकून. माझेही तेच झाले. मोटारसायकलवर शिवारं तुडवून कंबर धरली, आणि डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर योगासनेही सांगितली. मनात म्हटलं, हे शहरातल्या सडपातळ माणसांचं काम, आपलं नव्हे. पुढे पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांची हकिकत वाचली आणि माझे मत बदलले.

अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, कर्नाटकातील बेल्लूर गावचा. इन्फ्लुएंझाच्या साथीचे ते दिवस. तेरा भावंडांत हे अकरावे. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय सगळे भोगून झालेले. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. हातपाय काड्या, पोट पुढे, डोके जड. आपल्या भाषेत सांगायचे तर जमीन पार चोपण! १९३४ मध्ये मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांनी त्यांना म्हैसूरला नेले. कृष्णमाचार्य योगाचे मोठे जाणकार, पण शिस्तीचे भलतेच कडक. तिथे या पोराचे अंग हळूहळू वळू लागले.

१९३७ मध्ये, वय अवघे अठरा, ते शिकवायला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आले. मराठी येत नव्हते. समोरचे विद्यार्थी वयाने आणि ताकदीनेही जास्त. मग काय, स्वतःच तासन् तास सराव करायचा आणि चुकतमाकत शिकायचे. पोटभर जेवणाची भ्रांत होती, असेही दिवस काढले. १९४३ मध्ये रमामणी यांच्याशी लग्न झाले.

१९५२ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन मुंबईस आले होते. थकलेल्या मेनुहिननी भेटीला पाच मिनिटे दिली होती, पण भेट चालली तीन तासांवर. पुढे १९५४ मध्ये त्यांच्याच आग्रहाने अय्यंगार युरोपात गेले. जयप्रकाश नारायण हेही त्यांच्याकडे शिकले. १९६६ साली त्यांचे ‘लाइट ऑन योगा’ निघाले. सुमारे दोनशे आसने आणि सहाशेच्या आसपास छायाचित्रे त्यात आहेत.

मला मात्र सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची साधनांची युक्ती. ज्याला वाकता येत नाही त्याला खुर्ची, ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याला लाकडी वीट, शिवाय पट्टे, दोऱ्या, घोंगड्या, लोड. म्हातारा असो की आजारी, जमेल तेवढे पण बरोबर करायचे. टोमॅटोच्या वेलाला आपण काठी देतो ना, तसेच हे! स्वभाव मात्र तापट होता. वर्गात ओरडत आणि चापटही मारत. हे काही मला पटत नाही. शिकवणारा कडक असावा, पण हात कशाला उगारायचा?

१९७३ मध्ये रमामणी गेल्या. त्यांच्या नावाने पुण्यात १९७५ मध्ये संस्था उभी राहिली. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात पाठ-खांदे दुखावले, तेव्हा साठी उलटली होती. ज्याने जगाला शिकवले त्याला साधी आसनेही जमेनात. त्यांनी पहिल्यापासून सराव धरला. वर्षे गेली, पण शरीर परत वळवले. नव्वदीनंतरही शीर्षासन चालूच होते. २०१४ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला, पंच्याण्णव वर्षांचे होऊन ते पुण्यात वारले.

ज्यांना मणक्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून आणि जाणकारासमोरच आसने करावीत. छायाचित्र पाहून एकदम डोक्यावर उभे राहू नये! मी स्वतः गट कार्यालयाच्या भिंतीला पाठ लावून सकाळी दहा मिनिटे ताठ उभा राहतो, मग खुर्चीचा आधार घेऊन हळूच वाकतो. तोडीची चिठ्ठी न्यायला आलेली पोरं हसतात. परवा त्यातल्याच एकाने विचारले, ‘साहेब, मोळी उचलून माझीबी पाठ धरते, मला दाखवता का?’ आता सकाळी आम्ही दोघे असतो.