प्राणी कुणाचाही असो, नेम कुणाचा?

19 जानेवारी 2024 रोजी पॉकेटपेअर या छोट्या जपानी कंपनीचा ‘पालवर्ल्ड’ हा गेम बाजारात आला आणि महिन्याभरात अडीच कोटी लोक तो खेळले. त्यातले गुबगुबीत प्राणी पाहून ‘हे तर पोकेमॉनच!’ असा गलका झाला. आता पोकेमॉनमागची कंपनी निंटेंडो नक्कल केल्याचा दावा ठोकणार, असं सगळे धरून चालले. सप्टेंबरमध्ये निंटेंडो आणि पोकेमॉन कंपनी टोकियोच्या जिल्हा न्यायालयात गेल्याही. पण प्राण्यांच्या रूपाचा मुद्दा दाव्यात नव्हताच. त्यांनी बोट ठेवलं ते प्राणी पकडण्याच्या आणि त्यांच्यावर स्वार होण्याच्या पद्धतीवर.

यामागे कायद्याचं गणित आहे. कॉपीराइट चित्राला मिळतो, कल्पनेला नाही. पोकेमॉनमधला पिकाचू जसाच्या तसा उचलला तर तुम्ही अडकता. पण प्राणी पकडून झुंजवण्याची कल्पना कुणीही वापरावी. पेटंट मात्र गेम चालतो कसा, यावर मिळतं. या दाव्यात तीन पेटंटं आहेत: दोन पकडण्याबद्दल, एक स्वारीबद्दल. पकडण्याच्या पेटंटांत खेळाडू नेम धरतो आणि सोडतो. एका स्थितीत पकडण्याची वस्तू सुटते, दुसऱ्या स्थितीत लढणारा साथीदार. एवढ्याशा हालचालीवर मालकी सांगितली आहे.

खरी मेख तारखांत आहे. मूळ अर्ज डिसेंबर 2021 चे. दाव्यातली तिन्ही पेटंटं त्यांतून फोडलेल्या उपअर्जांवर मिळाली आणि ते उपअर्ज पालवर्ल्ड आल्यानंतर, 2024 मध्ये केलेले. कायद्याच्या लेखी तारीख मूळ अर्जाचीच धरतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा गेम समोर ठेवून पेटंटचे शब्द बेतता येतात, आणि हे पूर्णपणे नियमात बसतं.

भरपाईची मागणी किरकोळ आहे, दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी 50 लाख येन. धाक आहे तो मनाई हुकुमाचा. म्हणून निकालाआधीच पॉकेटपेअरने गेम बदलला. नोव्हेंबर 2024 मध्ये प्राणी पकडायचा गोळा फेकून साथीदार बोलावणं बंद झालं; आता तो थेट शेजारी येऊन उभा राहतो. मे 2025 मध्ये प्राण्याला धरून तरंगणंही गेलं; आता ग्लायडर लागतो.

पुढे वारं थोडं फिरलं. ऑक्टोबर 2025 मध्ये जपानच्या पेटंट कार्यालयाने याच कुळातल्या एका अर्जावर हरकत घेतली आणि ‘आर्क’, ‘मॉन्स्टर हंटर 4’ अशा आधीच्या गेमचे दाखले दिले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत, साथीदाराला बोलावून लढवण्याच्या निंटेंडोच्या पेटंटची फेरतपासणी करण्याचा आदेश निघाला.

भारतात हा प्रश्न बराचसा उंबरठ्यावरच अडतो. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(एम) सांगतं, की खेळ खेळण्याची निव्वळ पद्धत हा शोध मानला जात नाही. ही भूमिका शहाणपणाची आहे. प्राण्याचं रूप राखायला कॉपीराइट पुरेसा आहे. नेम धरून फेकण्याला वीस वर्षांची मक्तेदारी द्यायचीच असेल, तर परीक्षकांनी कागदपत्रांबरोबर जुने गेमही उघडून पाहावेत, आणि तेही पेटंट देण्याआधी.